82 वर्षांच्या पियानोवादकाला ऐकून आले, आणि एक प्रश्न सुटत नाहीये

कोमल_निषाद

शनिवारी रात्री एका जॅझ क्लबमध्ये एका बुजुर्ग पियानोवादकाला ऐकलं. वय 82. सोबत डबल बास (उभं धरून वाजवायचं मोठं, खर्जातलं तंतुवाद्य) आणि ड्रम्स. त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव घेतलं की चर्चा त्यांच्या जुन्या रेकॉर्डींकडे वळेल, आणि मला विचारायचंय ते फक्त शनिवारच्या रात्रीबद्दल.

आधी माझ्याविषयी थोडं. मी दहा वर्षं पेटी शिकले, घरात कायम ख्याल ऐकला. जॅझ गेली दोन वर्षं ऐकतेय, तेही रात्री सगळे झोपल्यावर हेडफोन लावून. प्रत्यक्ष ऐकायची ही पहिलीच वेळ. तळघरातली छोटी जागा होती, टेबलं एकमेकांना चिकटलेली. मी दुसऱ्या रांगेत उजव्या टोकाला होते. तिथून त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता, हात अजिबात दिसत नव्हते.

ड्रमरने त्यांना हाताला धरून पियानोपर्यंत आणलं. बसल्यावर बराच वेळ काही घडलंच नाही. स्टूल पुढे घेतलं, परत मागे सरकवलं, तळहात पँटला पुसले. मग वाजवायला लागले, आणि पहिली वीस मिनिटं मला नुसतं वाईट वाटत राहिलं. त्यांच्या तिशीतल्या रेकॉर्डी मला पाठ आहेत. त्यांत उजव्या हाताला उसंत म्हणून नसते. इथे दोन स्वर, मग थांबणं. तीन स्वर, पुन्हा थांबणं. एकदा खालून वर एक लांब तान निघाली आणि अर्ध्यात तुटली. भलताच स्वर लागला आणि हात उचलला गेला. त्यांनी मान वर करून बासवाल्याकडे पाहिलं, तो हसला. मला मान वर करून बघवेना.

मग दुसऱ्या सेटमध्ये, म्हणजे मध्यंतरानंतर, एक बॅलड, म्हणजे संथ गाणं, आलं. सुरुवातीला एकटा पियानो, ठेका नाही, आपल्या आलापीसारखा. नंतर हलकेच ड्रम्सवरचे ब्रश आणि बास आत आले. मध्यावर कुठेतरी त्यांचा डावा हात पूर्ण थांबला. उजव्या हाताचा एक स्वर, मग काहीच नाही, मग दुसरा. त्या मधल्या वेळात कुणाच्या तरी ग्लासातला बर्फ हलल्याचा आवाज आला. आणि मला रडू आलं. आवरेना. शेजारच्या टेबलावरचा माणूसही चष्मा काढून पुसत होता.

तर प्रश्न असा आहे. मला जे भिडलं ते संगीत होतं की त्यांचं वय? हेच वादन तीस वर्षांच्या मुलाने केलं असतं तर मी रडले असते, की हात अजून तयार नाही म्हणून मोकळी झाले असते? ज्या माणसाने उभा जन्म या वाद्यापुढे घालवला त्याच्याकडे मी कीव करून पाहिलं असेन तर मला त्याची लाज वाटेल. म्हणून तिथे संगीतात नेमकं काय चाललं होतं ते समजून घ्यायचंय. डावा हात का थांबला? आणि त्या तुटलेल्या तानेचं काय समजायचं?

बत्तीस_बार

ताई, प्रश्न मनापासून विचारलाय, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. मी बावीस वर्षं जॅझ पियानो वाजवतोय. पोटापाण्याचं काम वेगळं आहे, पण आठवड्यातल्या दोन रात्री पियानोवर जातात.

डाव्या हातापासून सुरू करू. तुमचा पेटीवरचा डावा हात भात्यावर असतो. पियानोवादकाचा डावा हात म्हणजे खालचे जाड स्वर, असं आपण धरून चालतो. एकटा वाजवत असेल तर ते खरंही आहे. पण सोबत बास आला की तळाचा स्वर बासचा. पियानोच्या डाव्या हाताने तोच स्वर पुन्हा दाबला तर खाली चिखल होतो, शिवाय बासवाल्याचे पाय बांधले जातात. म्हणून ट्रिओत, म्हणजे तिघांच्या वादनात, डावा हात बहुतेक वेळा कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छाचा) मूळ स्वर सोडून देतो आणि मधले दोन-तीन स्वर धरतो.

तुमच्या भाषेत सांगतो. समजा बासने सा धरलाय आणि डाव्या हाताने फक्त गंधार आणि कोमल निषाद वाजवले. कॉर्ड पूर्ण कळते. आता डावा हात आहे तिथेच ठेवा आणि बासला तीव्र मध्यमावर जाऊ द्या. तेच दोन स्वर, पण त्यांची कामं उलटतात. तुमच्या टोपणनावातला कोमल निषाद आता नव्या कॉर्डचा गंधार होतो, आणि गंधार तिचा कोमल निषाद. बोटं हलली नाहीत आणि पायाखालची जमीन सरकली. पेटीवर दोन स्वर धरून ठेवा आणि खालचा स्वर दुसऱ्या कुणाला तरी वाजवायला सांगा. अंगावर काटा येतो.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे डावा हात काढूनच घेणं. बॅलडमध्ये तुम्ही पाहिलंत ते बहुधा हेच. उजव्या हाताचा एकच स्वर आणि खाली बास. ती कॉर्ड कुठली हे ऐकणाऱ्याने आपल्या कानात पुरी करायची. त्यासाठी ती कॉर्ड वाजवणाऱ्याच्या डोक्यात लख्ख असावी लागते, आणि बासवर पूर्ण भिस्त लागते.

आता मोकळ्या जागांबद्दल. आपल्याकडे तबला आवर्तन सांगत राहतो म्हणून गायक निवांत थांबतो आणि समेवर येतो. जॅझमध्येही आवर्तन असतंच, फक्त ते कॉर्डच्या रांगेतून कळतं. जुन्या गाण्यांचा फार मोठा भाग 32 बारांचा (बार म्हणजे ठोक्यांचा एक गट) आहे: आठ बार, तेच आठ पुन्हा, मग वेगळे आठ ज्याला ब्रिज म्हणतात, आणि शेवटी पहिले आठ. दर बारात चार ठोके, म्हणजे एकूण 128. मिनिटाला 60 ठोक्यांची संथ लय असेल तर एक फेरा दोन मिनिटं आठ सेकंदांचा होतो. आपला विलंबित एकताल आठवा, त्याच्या आवर्तनापेक्षाही हा सहसा लांबच. तुमचे पियानोवादक थांबले तेव्हा ही रांग त्यांच्या आत चालूच होती. पुढच्या वेळी मनात ठोके मोजा आणि ते परत कुठे येतात ते बघा. मोकळ्या जागेनंतरचा स्वर जागच्या जागी पडत असेल तर ती जागा त्यांनी वाजवलेली आहे.

तिशीतल्या मुलाने हेच वाजवलं असतं तर, असं तुम्ही विचारलंत. मी तिशीत होतो तेव्हा नेमका हाच प्रयत्न केला होता. पियानोवादक अहमद जमाल यांचं 1958 च्या जानेवारीत शिकागोच्या पर्शिंग हॉटेलच्या लाउंजमध्ये ध्वनिमुद्रित झालेलं वादन मला पाठ होतं. त्या काळी त्यांना वरवरचे म्हणणारे समीक्षक होते, पण तो अल्बम दोन वर्षांच्या आसपास खपाच्या यादीत टिकला, आणि ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस त्यांच्या मोकळ्या जागांचे चाहते होते. जमाल तेव्हा 27 वर्षांचे होते. म्हणजे कमी स्वर ही म्हातारपणाची तडजोड असते हे मुळातच खरं नाही. तर मी तशाच जागा सोडून वाजवलं आणि घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं. प्रत्येक मोकळ्या जागेनंतर मी अर्धा ठोका आधी आत घुसलो होतो. एकही सुटली नव्हती. शांतता सहन न होऊन धावणारा माणूस त्या रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येतो. ती सवय सुटायला मला आठ वर्षं लागली आणि आजही माणसं गप्प बसून ऐकत असली की ती परत येते.

तुटलेली तान. बोटांनी दगा दिला असेल, 82 व्या वर्षी देतात. पण मला पुढचं जाणून घ्यायचंय. त्यानंतर त्यांनी काय वाजवलं?

शरीर जे हिरावून घेतं त्याचा या संगीतात मोठा इतिहास आहे. पियानोवादक होरेस पार्लन यांचा उजवा हात लहानपणी पोलिओने अधू झाला होता. त्यांनी डाव्या हातावर जास्त भार टाकून स्वतःची शैली उभी केली आणि बासवादक चार्ल्स मिंगसच्या बँडमध्ये वाजवलं. ऑस्कर पीटरसन, ज्यांच्या वेगाची पियानोवाल्यांना धास्ती वाटे, त्यांना 1993 मध्ये पक्षाघाताचा झटका आला. डाव्या हाताची पूर्वीची ताकद परत आली नाही. तरी ते मंचावर परतले आणि पुढे कित्येक वर्षं वाजवत राहिले. त्यांची नंतरची बॅलड्स मी आधीच्या वेगवान वादनाइतकीच जीव लावून ऐकतो, आणि हे मी सहानुभूती म्हणून म्हणत नाही.

मैफलवेडा

बत्तीस_बार यांनी सुंदर लिहिलंय, पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे. वय झालं की वादन आपोआप खोल होतं असं मानायची आपल्याला सवय लागली आहे. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका ज्येष्ठ वादकाला ऐकायला गेलो होतो. ते ब्रिजवर जायचं विसरत होते. बासवाला हळू आवाजात कॉर्डची नावं सांगत होता. ड्रमर त्यांच्या तोंडाकडे बघत एक एक बार पुढे ढकलत होता. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि घरी जाताना मला त्या टाळ्या खोट्या वाटत होत्या. त्या माणसावर माझं प्रेम आहे, म्हणूनच सांगतो, ती रात्र चांगली नव्हती.

पियानोवादक कीथ जॅरेट यांना 2018 मध्ये पक्षाघाताचे दोन झटके आले, डावी बाजू लुळी पडली, आणि मैफली थांबल्या. पीटरसन परतले, जॅरेट परतले नाहीत. मला दोघांबद्दल सारखाच आदर आहे.

माझ्यापुरती एक खूण सांगतो. वादकाकडे पाहू नका, साथीदारांकडे पाहा. ते सावरत असतील तर त्यांचे खांदे वर चढलेले असतात आणि नजर हटत नाही. ते खरंच ऐकत असतील तर त्यांचे डोळे मिटतात, ते हसतात, उलट काहीतरी विचारल्यासारखं वाजवतात. कोमल_निषाद, तान तुटल्यावर बासवाला हसला असं तुम्ही लिहिलंय. तो कसा हसला?

कोमल_निषाद

दोघांचे मनापासून आभार. दोन दिवस यावरच विचार करतेय.

तो सांभाळून घेतल्यासारखा हसला नव्हता. समोरच्याने बोलता बोलता अचानक नेमकं काहीतरी म्हटलं की आपण हसतो, तसा. डोळे मिटलेले नव्हते, पण खांदे सैल होते. मी त्याच्या हाताकडे पाहत होते म्हणून आठवतंय. आणि बत्तीस_बार, तुम्ही विचारलंत म्हणून डोकं धरून बसले आणि आठवलं. तान तुटली तिथले शेवटचे तीन स्वर, त्यात तो चुकीचा स्वरही आला, त्यांनी थोडं थांबून खालच्या सप्तकात पुन्हा वाजवले. सावकाश. मग आणखी एकदा, पण शेवटचा स्वर बदलून. त्या क्षणी मला वाटलं की ते चूक दुरुस्त करून बघताहेत, पेटीच्या शिकवणीत आपण अडलेली जागा परत परत घेतो तसं. आणि नंतर बासवाल्याने स्वतःच्या सोलोची सुरुवातच त्या तीन स्वरांनी केली! हे मी तिथे बसून ऐकलं होतं आणि ऐकलं नव्हतं. मला इतकं वाईट वाटत होतं की समोर काय चाललंय तेच ऐकू आलं नाही.

बत्तीस_बार

बास सोलो तिथून सुरू झाला म्हणजे तो स्वर आता चुकीचा राहिलाच नाही. वादनातला सगळ्यात मोठा निर्णय त्या अर्ध्या सेकंदात झाला: हात उचलला तेव्हा पुढे पळून जायचं की जे लागलंय तेच हातात घ्यायचं. तरुण वादकही हे करतात. पण चूक ऐकून न दचकणं फार उशिरा येतं.

जाड_तार

मी डबल बास वाजवते. इथे क्वचित लिहिते, पण हे वाचून राहवलं नाही.

मी 26 वर्षांची असताना एका 79 वर्षांच्या पियानोवादकाबरोबर आठवडाभर वाजवायची संधी मिळाली. पहिल्या रात्री ते थांबले की मी भरून काढायची. मला वाटायचं त्यांना आधार हवा आहे. दोन स्वरांच्या जागी चार, वरच्या भागात छोट्या ताना, सगळं. मध्यंतरात त्यांनी मला बाजूला बोलावलं. न रागावता सांगितलं की ती जागा मी त्यांच्याकडून काढून घेतेय, आणि ती त्यांना हवी आहे. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले थोडा वेळ.

दुसऱ्या सेटमध्ये मी बारातले पहिला आणि तिसरा एवढेच ठोके वाजवले. लांब, सोडून दिलेले स्वर. आणि तेव्हा मला पहिल्यांदा ऐकू आलं की ते गप्प नसतात. स्वर लांबवणारं पायाखालचं पेडल हळूहळू सोडत असतात, म्हणजे आधीचा स्वर विझताना त्याचा रंग बदलतो. लांब बसलेल्या माणसाला तिथे शांतता वाटते. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते, मला पेडलचा लाकडी आवाज आणि त्यांचा श्वास येत होता. पुढचा स्वर घेण्याआधी ते श्वास घ्यायचे, गायकासारखा. त्या आठवड्यात मी ठोके मोजणं सोडलं आणि त्यांच्या श्वासावर वाजवायला लागले.

कोमल_निषाद, तुमच्या बर्फाच्या आवाजावरून एक सुचवते. बिल इव्हान्स (पियानो), स्कॉट लाफारो (बास) आणि पॉल मोशन (ड्रम्स) या तिघांनी 25 जून 1961 ला, एका रविवारी, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये दुपारपासून रात्रीपर्यंत पाच सेट वाजवले. तेही तळघरच आहे, 1935 पासून चालू असलेलं. ते सगळं ध्वनिमुद्रित झालंय. त्यात ग्लास वाजतात, लोक बोलतात, कुणीतरी हसतं. हेडफोन लावून ऐका, पण या वेळी पियानो सोडून फक्त बास ऐका. लाफारो ठेका धरून बसत नाही, पियानोशी बोलतो, मधेच थांबतो. तेव्हा तो 25 वर्षांचा होता. 6 जुलैला मोटार अपघातात गेला. मी त्या रेकॉर्डिंगमधल्या मोकळ्या जागा ऐकते तेव्हा वय हा शब्द मनात येत नाही, आणि तरी प्रत्येक वेळी घशात काहीतरी अडकतं.

आणखी एक. बॅलडचं नाव त्यांनी सांगितलं असेल तर त्याचे शब्द शोधून वाचा. ही बहुतेक गाणी मुळात गायची आहेत, आणि जुने वादक शब्द पाठ करून वाजवतात. सॅक्सोफोनवाले डेक्स्टर गॉर्डन तर बॅलडच्या आधी त्याच्या ओळी लोकांना म्हणून दाखवायचे. तुमचे पियानोवादक जिथे थांबले तिथे गाण्यात वाक्य संपत असेल, किंवा अर्धवट सुटत असेल.

कोमल_निषाद

नाव सांगितलं होतं. शब्द आत्ता वाचले. ब्रिजच्या शेवटी एक प्रश्न आहे, आणि त्याला गाण्यात उत्तर दिलेलं नाही. डावा हात थांबला होता तो तिथेच. मला आता याहून जास्त लिहिता येत नाही, हात थरथरतोय.

ते पुढच्या गुरुवारी परत वाजवणार आहेत. जागा राखून ठेवली. जाड_तार, कुठे बसू? बासच्या जवळ की पियानोच्या? आणि पहिला सेट की दुसरा?

जाड_तार

श्रोत्यांच्या डाव्या हाताला बसा, पियानोच्या पट्ट्या त्या बाजूला असतात. हात दिसतील आणि पायही. पेडलवरचा उजवा पाय बघा. पहिल्या सेटला वाद्यं आणि माणसं अजून थंड असतात, त्यामुळे एकच ऐकायचा असेल तर दुसरा. दोन्ही जमले तर दोन्ही. आणि बासवाला हसला तर मला लिहा.